मँडोलिनची वही: पारखायचं कसं, जमवायचं किती, सोडायचं कधी

मँडोलिन बघायला बाहेर पडण्याआधी एक दोनशे पानी वही विकत घ्या. साधी, रेघांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची. माझी पहिली वही कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून घेतली होती. आता तिची शिवण सुटली आहे, पण हातात घेऊन वाजवलेल्या प्रत्येक मँडोलिनला तिच्यात एक पान आहे. त्यात विकत घेतलेली आहेत, नुसती पाहून परत ठेवलेली आहेत, आणि पुढे दुसऱ्याच्या हाती दिलेलीही आहेत. सल्ला विचारायला कुणी आलं की मी वहीपासून सुरुवात करते, कारण कानाची आठवण फार कच्ची असते. आज राजारामपुरीत ऐकलेला आवाज पुढच्या रविवारी मुंबईत दुसरं वाद्य हाती येईपर्यंत पुसट झालेला असतो. मग आवाज बाजूला राहतो आणि आपण किमतीची आणि नावाची तुलना करत बसतो.

पहिलं साधं मँडोलिन वाजवून ज्यांचा हात बसला आहे आणि आता एखादं खरोखर चांगलं वाद्य घ्यावंसं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वाजवायचं कसं, हा विषय वेगळा.

वाद्य ओळखा

कोल्हापुरात एक घोळ कायम होतो. मिरवणुकीत वाजतो त्याला आपण बेंजो म्हणतो. तो बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, बटणं दाबून वाजवायचा. मँडोलिनला बटणं नसतात. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि सुरावट व्हायोलिनसारखीच: जी, डी, ए, ई. एका जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या. घोळाचा एक फायदाही आहे. जुनं घर रिकामं करणारी मंडळी ‘एक बेंजो पडलाय, बघायला या’ असा निरोप देतात, आणि जाऊन पाहावं तर कधी कधी मँडोलिन निघतं. मला असं दोनदा मिळालं आहे. म्हणून बेंजोचा निरोप आला तरी जाऊन या.

मँडोलिनचे ढोबळ तीन प्रकार तुमच्यासमोर येतील. पहिला गोल पाठीचा, कलिंगडाच्या अर्ध्या फाकेसारखा. हा इटलीतल्या नेपल्सचा. तिथलं विनाचिया घराणं आणि कालाचे घराणं, आणि रोममधला एम्बर्गर, ही या घडणीतली मोठी नावं. लाकडाच्या पातळ फासळ्या वाकवून, एकमेकींना चिकटवून ती पाठ तयार होते. दुसरा सपाट पाठीचा, गिटारसारखा. आपल्याकडचे बहुतेक स्वस्त मँडोलिन याच जातीचे. तिसरा कोरीव, ज्याची तबली (तारांखालची समोरची फळी) आणि पाठ व्हायोलिनसारखी जाड फळीतून कोरून काढलेली असते. ही कल्पना अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सनची. त्याला १८९८ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये उभी राहिली.

कोरीव मँडोलिनमध्ये पुन्हा दोन आकार आहेत. ‘ए’ म्हणजे थेंबासारखा साधा. ‘एफ’ म्हणजे खांद्यावर गोगलगाईसारखी गुंडाळी आणि खाली टोकदार कोपरे असलेला. नवीन माणूस एफ पाहूनच भाळतो. ती गुंडाळी कोरायला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून एफ महाग असतो. आवाजात तिचा वाटा नाही म्हटलं तरी चालेल. आवाज ठरतो तो तबलीच्या लाकडावरून, तिच्या जाडीवरून, आतल्या पट्ट्यांवरून आणि भोकावरून. भोक अंडाकृती असेल तर सूर गोल, जरा लांबणारा. व्हायोलिनसारखी एफ आकाराची दोन भोकं असतील तर आवाज समोर फेकला जातो, तुटक आणि धारदार. गिब्सन कंपनीत लॉइड लोअर याने १९२२ ते १९२४ या काळात एफ-५ या नमुन्याची जी वाद्यं स्वतः तपासून सही केली, त्यांची किंमत आज एक लाख डॉलरच्या वर जाते. ती आपल्या वाट्याला येणार नाहीत. पण आज बाजारात दिसणारी बहुतेक कोरीव एफ-५ त्याच नमुन्यावरून घडतात, म्हणून नाव माहीत असावं.

माझं मत विचाराल तर भावगीत, नाट्यगीत, जुनी चित्रपटगीतं वाजवणाऱ्याने अंडाकृती भोकाचा ए घ्यावा. तोच पैसा एफच्या गुंडाळीत घालण्यापेक्षा चांगल्या तबलीत घालावा.

नावाबद्दल एक सावधगिरी. गिब्सन आणि गिव्हसन ही दोन वेगळी नावं आहेत. गिव्हसन हा भारतीय ब्रँड आहे, आणि शिकायला त्याचं मँडोलिन घेतलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. पण वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात किंवा फोनवरचा निरोप ऐकून गिब्सन समजून गाडी काढू नका. डोक्यावरच्या नावाचा जवळून काढलेला फोटो आधी मागवा.

तुलना

इथे घाई करू नका. बाकी चुका निस्तरता येतात, पण चुकीची तुलना करून घेतलेलं वाद्य वर्षानुवर्षं घरात खुपत राहतं.

दोन मँडोलिन शेजारी ठेवायची असतील तर आधी दोन्हींवर एकाच मापाच्या, एकाच दिवशी चढवलेल्या नव्या तारा हव्यात. जुन्या गंजलेल्या तारांनी उत्तम वाद्य मुकं वाटतं आणि नव्या कोऱ्या तारांनी सुमार वाद्यही चकाकतं. विकणाऱ्याला हे माहीत असतं. तारांचा खर्च मी स्वतः करते आणि वाद्य घेतलं नाही तरी त्या परत मागत नाही. त्यामुळे विकणाऱ्याची हरकत राहत नाही. गिब्सनसारख्या कोरीव मँडोलिनला हलका संच म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात १० ते ३४ मापाचा. गोल पाठीच्या जुन्या इटालियन वाद्यावर तोही चढवू नका, त्याला ९ ते ३२ चा अतिहलका संच लागतो. आठ तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास जातो, आणि तो पेलायचा असतो काही मिलिमीटर जाडीच्या तबलीने.

तारा बदलताना एक एक करून बदला. मँडोलिनची घोडी, म्हणजे तबलीवर तारा टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की घोडी निसटते, आणि तिची नेमकी जागा हरवली की वाद्य बेसूर होतं. मी आधी तबलीवर सहज निघणारी कागदी पट्टी लावून घोडीच्या पायांची खूण पेन्सिलने करून ठेवते.

मग दोन्ही वाद्यं ट्यूनरवर ए ४४० ला (एचा सूर ४४० हर्ट्झवर) लावा. पिक (छेडायची नखी) एकच, खोली एकच, बसायची जागाही एकच. आधी प्रत्येक जोडी मोकळी छेडून सूर विरेपर्यंत ऐका. मग सातव्या आणि बाराव्या पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तेच करा. खालची जी भरदार आणि वरची ई पातळ, हा दोष फार वाद्यांत असतो. चांगल्या वाद्यात खालून वर जाताना आवाजाचा पिंड बदलत नाही. त्यानंतर यमनचे सूर विलंबित ट्रेमोलोवर (तीच जोडी भराभर छेडत सूर लांबवत), अगदी हळू आवाजात. जोरात कुठलंही मँडोलिन वाजतं. हळू वाजवताना ज्याचा सूर तुटत नाही, ते चांगलं.

आणि मग वाद्य दुसऱ्याच्या हाती द्या, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. मांडीवर असताना आपल्याला वाद्याच्या मागचा आवाज जास्त ऐकू येतो, समोरच्याला काय ऐकू येतं ते कळत नाही.

मंगळवार पेठेतल्या एका घरी मी अशी तुलना करत होते. दोन्ही कोरीव ए, एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट किमतीचं. माझी विद्यार्थिनी वाजवत होती आणि मी पाठ करून बसले होते. मन महागड्याकडे झुकलेलं होतं, हे लपवत नाही. आतून तिच्या सासूबाई चहाचे कप घेऊन आल्या. त्यांना ना किमती माहीत होत्या, ना नावं. म्हणाल्या, ‘हे आत्ता वाजलं ना, ते वरती गेलं की भांडं आपटल्यागत वाटतंय. आधीचं बरं होतं.’ वळून पाहिलं तर हातात महागडं. पुन्हा वाजवून घेतलं. ईच्या बाराव्या पडद्यापासून वर सूर खरोखरच पत्र्यासारखा होत होता, आणि खालच्या जीच्या गोडव्यात मी तो ऐकूनही न ऐकल्यासारखा केला होता. वहीत तो दोष सासूबाईंच्या नावाने नोंदवला आहे. तेव्हापासून तुलनेच्या वेळी घरातल्या एका तरी न वाजवणाऱ्या माणसाला मी बसवतेच.

वहीच्या पानावर हे लिहा: तारीख, जागा, हवा कशी होती (पाऊस की कोरडं), तारांचं माप, प्रत्येक जोडीबद्दल एक ओळ, दोष. किंमत पानाच्या मागे. आधी किंमत लिहिली की पेन तिच्या बाजूने चालतं.

आवाज पसंत पडल्यावर अंग तपासा

क्रम हाच ठेवा. आवाज नापसंत असेल तर तपासणीत वेळ घालवू नका, आणि पसंत असेल तर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाराव्या पडद्यावर तारेला हलकेच बोट टेकवून घंटेसारखा सूर काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी किंचित मागे, म्हणजे दांडीपासून दूर सरकवायची. उतरा असेल तर पुढे. एवढ्याने जुळलं तर दोष नाही. घोडी कुठेही नेली तरी काही पडदे बेसूरच राहत असतील तर पडदेच चुकीच्या जागी बसले आहेत, आणि ते वाद्य खाली ठेवा.

तारांची उंची बाराव्या पडद्यावर ई पाशी दीड मिलिमीटर आणि जी पाशी दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. फार वर असेल तर कारण शोधा. डोक्याकडून एक डोळा मिटून दांडीवर नजर टाका, पतंगाची काडी पाहतो तशी. मग एक तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जिथे पोटाला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. मधल्या, सातव्या पडद्याजवळ कागदाएवढी फट दिसली तर छान. नाणं जाईल एवढी फट असेल तर दांडी वाकली आहे. गिब्सनने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दांडीत लोखंडी सळई घालायला सुरुवात केली, जिला ट्रस रॉड म्हणतात. ती असेल तर वाक काढता येतो. त्याआधीच्या वाद्यांत आणि गोल पाठीच्या इटालियन वाद्यांत ती नसते.

मी पहिल्यांदा मोठी रक्कम घातली ती इथेच बुडाली. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून गोल पाठीचं इटालियन मँडोलिन घेतलं. आतलं लेबल, शिंपल्याचं नक्षीकाम, सगळं मोहात पाडणारं. तारा उंच होत्या. ‘घोडी घासली की बसेल’ असं सांगण्यात आलं. घोडी घासून घासून संपत आली, तारा तेवढ्याच. दांडी पोटापासून वर उचलली गेली होती. ती नीट बसवण्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून जास्त निघाला. गोल पाठीच्या वाद्यात दांडी उचललेली दिसली तर लेबल कुणाचंही असो, घेऊ नका. विनाचियाचं असल्याची खात्री असेल तरच विचार करा, आणि ती खात्री माझ्या-तुमच्यासारख्याने द्यायची नसते.

पुढची तपासणी उजेडाची. भोकातून मोबाइलचा टॉर्च आत सोडा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घालून तबलीची आतली बाजू पाहा. आतल्या पट्ट्या सुटल्या असतील तर बोटाने तबलीवर टकटक केल्यावर खरखर ऐकू येते. घोडीच्या दोन्ही बाजूंना स्टीलची पट्टी आडवी धरून तबली खचली आहे का ते पाहा. डोकं आणि दांडी मिळते तिथे, मेरूच्या (दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या) मागे, केसासारखी चीर असू शकते. ती नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. खुंट्यांच्या भोवती जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकं असतील तर खुंट्या बदलल्या आहेत. हा मोठा दोष नाही, पण किंमत उतरवायला हवी. जुनं पॉलिश काढून नवं चकचकीत पॉलिश मारलेलं असेल तर संग्राहकाच्या नजरेत किंमत बरीच घसरते. विकणारा मात्र तेच कौतुकाने दाखवतो.

दुरुस्ती कुणाकडे

आपलं भाग्य की मिरज इथून ५० किलोमीटरच्या आसपास आहे. सतार आणि तंबोरा घडवणारी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत, आणि मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड, तबली, सरस, पॉलिश यांची त्यांच्याइतकी जाण दुसरीकडे मिळणं कठीण. चीर सांधायला, सुटलेली पट्टी बसवायला मी तिथेच जाते.

पण दोन गोष्टी तोंडाने स्पष्ट सांगाव्या लागतात. सतारीच्या घोडीचा माथा रुंद असतो, आणि त्यावरची जवारी काढणं, म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून माथा घासून बसवणं, ही तिथली मोठी कला. मँडोलिनला जवारी नको. तार घोडीच्या काठावरून स्वच्छ सुटली पाहिजे, माथा रुंद झाला की झंकार येतो आणि मँडोलिनमध्ये तो खरखरीसारखा ऐकू येतो. माझ्या एका वाद्याच्या घोडीवर कारागिराने प्रेमाने जवारी काढून दिली होती. त्याची चूक नव्हती, मी बोलले नव्हते. दुसरं, सतारीचे पडदे बांधलेले आणि सरकवता येणारे, मँडोलिनचे खाचेत ठोकलेले. पडदे बदलायचे असतील तर गिटारचं काम केलेला माणूस शोधा.

जुनं चांगलं वाद्य सरसाने जोडलेलं असतं. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून तोच सांधा पुढे पुन्हा उघडता येतो. पांढरा गोंद किंवा इपॉक्सी लावून घेऊ नका. पुढच्या कारागिराला तो सांधा लाकूड फोडूनच उघडावा लागेल.

किती जमवायची

तीन. माझं उत्तर इतकं छोटं आहे. एक रोजचं, एक वेगळ्या जातीचं (रोजचं कोरीव असेल तर गोल पाठीचं), आणि एक असं, ज्याचा इतिहास आपल्या गावाशी जोडलेला आहे. चौथं आवडलं तर तिघांतलं एक सोडायचं. तीनपेक्षा जास्त वाद्यं आठवड्याला वाजवून होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. न वाजवलेल्या वाद्याच्या तारा गंजतात, खुंट्या घट्ट होतात, आणि सुटलेली पट्टी वर्षभर लक्षातही येत नाही.

गावाशी जोडलेल्या वाद्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण कोल्हापुरात राहणाऱ्याला ही संधी आहे. देवल क्लब या संगीतसंस्थेचं गाव हे, अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, त्यानंतरही जयप्रभा स्टुडिओ होताच. गाण्याबजावण्याच्या या गावात पेठापेठांतल्या घरांत आजोबांची वाद्यं पोटमाळ्यावर उरली आहेत. हिंदी चित्रपटसंगीतात तर मँडोलिनचा मान मोठा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत मूळचे मँडोलिनवादक, आणि संगीतकार सज्जाद हुसेन या वाद्यावर रागसंगीत वाजवत. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत उभं केलं, ते २०१४ मध्ये गेले. ही नावं ऐकत मोठ्या झालेल्या माणसाने घेतलेलं वाद्य ब्रँडच्या हिशेबात फारसं मोलाचं नसेलही. पण ते कुणी, कधी, कुठे वाजवलं हे सांगणारं कुणी घरात असेल, तर आधी ती हकीकत लिहून घ्या. लिहिताना दोन रकाने करा: ‘पाहिलं’ आणि ‘सांगितलं’. खरेदीची पावती, फोटो, आतलं लेबल हे पहिल्या रकान्यात. ‘आजोबा अमक्या चित्रपटात वाजवत होते’ हे दुसऱ्या रकान्यात, पुरावा मिळेपर्यंत.

अशा घरी भाव पाडू नका. आजी दारात उभी असते, वाद्य जुन्या धोतरात गुंडाळलेलं असतं, आणि तिला किंमत माहीत नसते. माहीत असलेली किंमत तिला सांगा.

कोल्हापूरचा पाऊस

जून ते सप्टेंबर आपल्या हवेतली ओल लाकूड पिऊन घेतं. तबली फुगते, तिच्याबरोबर घोडी वर येते, तारा उंच होतात. मार्चच्या कोरड्या हवेत उलटं होतं, दांडीचं लाकूड आक्रसून पडद्यांची टोकं बोटाला टोचू लागतात. वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. म्हणून आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ पेटीत ठेवा आणि त्याचा आकडा आठवड्यातून एकदा वहीत उतरवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या, ओलावल्या की गरम करून पुन्हा वापरायच्या. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर वाद्य टांगू नका. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावरही नको, एप्रिलमध्ये तिथे सरस मऊ पडतो. ज्यांच्या घरात २०१९ किंवा २०२१ च्या महापुराचं पाणी आलं होतं, त्यांनी जुलै लागण्याआधीच पेट्या वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवाव्यात. पंचगंगेचं पाणी चढायला लागल्यावर वाद्याची आठवण होत नाही, आणि होऊही नये.

महिनोन्‌महिने ठेवून द्यायचं असेल तर तारा एखादा सूर उतरवून ठेवा. पूर्ण सैल नको, घोडी पडेल.

सोडताना

वहीत एखाद्या वाद्याच्या पानावर दोन पावसाळे नवी नोंद झाली नसेल तर ते सोडायची वेळ झाली असं मी धरते. माझ्यासाठी हा नियम आहे, तुम्ही तुमचा ठरवा. पण लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी मन वळतं.

किंमत ठरवताना त्याच जातीची, त्याच अवस्थेतली वाद्यं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. मागितलेल्या किमतीला अर्थ नसतो. दुरुस्तीचा खर्च वसूल करायला जाऊ नका. पट्टी बसवली, चीर सांधली, हे वाद्य चालू ठेवण्याचं काम होतं, त्याने किंमत वाढत नाही. घेणारा आला की दोष आधी सांगा, वाद्य त्याच्या हाती देण्याआधी. मी पेटी बंद असतानाच वहीचं पान पुढे करते.

दोन वर्षांपूर्वी माझं अंडाकृती भोकाचं ए बघायला गडहिंग्लजहून एक मुलगा आला, बरोबर त्याचे आजोबा. पान वाचून आजोबा म्हणाले, ‘ताई, एवढे दोष हाईत तर घ्यायचं कशाला?’ मुलगा काही बोलला नाही. त्याने वाद्य घेतलं, आधी जी जोडी छेडली, मग भोकाशी कान नेला आणि सूर पूर्ण विरेपर्यंत हलला नाही. मी त्यांना वाद्य आठ दिवसांसाठी दिलं, पैसे न घेता, फक्त पोचपावतीवर सही घेऊन. अनोळखी माणसाला असं देता येणार नाही हे खरं, तिथे पूर्ण रक्कम ठेवून घ्या आणि आठ दिवसांत परत आणलं तर परत करायचं कबूल करा. पण हे आठ दिवस द्याच. घरी नेऊन वाजवल्यावर ज्याला ते नकोसं वाटलं, त्याच्या गळ्यात मारलेलं वाद्य पुन्हा पोटमाळ्यावर जातं.

विक्रीची पावती कागदावर करा: दोघांची नावं, तारीख, रक्कम, वाद्याचा क्रमांक, सांगितलेले दोष, आणि डोक्याचा, पाठीचा, लेबलचा फोटो. एक प्रत तुमच्या वहीत चिकटवा. वहीच्या त्या वाद्याच्या सगळ्या पानांची झेरॉक्सही घेणाऱ्याला द्या. तारांचं माप, घोडीची जागा, कुठल्या महिन्यात तबली किती फुगते, हे त्याला पुन्हा शोधावं लागू नये.

जुन्या इटालियन वाद्यांवर कासवाच्या कवचाची पट्टी किंवा हस्तिदंताचं काम असू शकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तूंच्या व्यापारावर बंदी आहे, त्यामुळे विकत घेण्याआधीच ते ओळखा. ब्राझीलचं शिसव असलेलं वाद्य परदेशी पाठवायलाही आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, ते लाकूड १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. परदेशी गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी कागद आधी.

पाठवायची वेळ आली तर शक्यतो स्वतः नेऊन द्या. पार्सल करावंच लागलं तर तारा एक-दोन सूर उतरवा, घोडीच्या दोन्ही बाजूंना तारांखाली मऊ कापड घाला, डोकं पेटीत हलणार नाही असं चारी बाजूंनी भरा, आणि पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवा. बहुतेक वाद्यं मोडतात ती डोक्यापाशी, पेटीच्या आत आपटून.

आणि विकल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात फोन येईल, तो घ्या. गडहिंग्लजच्या मुलाचा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला: ‘काकू, तारा लई वर आल्यात, बोटं दुखायल्यात.’ घोडीला दोन्ही टोकांना चाकं असतील तर ती फिरवून उंची कमी होते, पण ताण असताना फिरवली तर आटे खराब होतात. मी त्याला आठही तारा आधी सैल करायला लावल्या, घोडी हाताने धरून दोन्ही चाकं अर्धा-अर्धा फेरा खाली, मग पुन्हा सुरात. त्याने फोन तबलीशी धरून जी छेडली. मी वही काढून तारीख घातली आणि लिहिलं: अर्धा फेरा, जुलै. ऑक्टोबरमध्ये परत वर घ्यायचा, हे त्यालाही त्याच्या पानावर लिहायला सांगितलं.